मिडफिल्डरसाठी लिहिलेला अर्ज

मुलांनो, गेल्या रविवारी व्हिडिओवर तुम्ही मला विचारलंत, "आजी, बाबाच्या खोलीत खरंच वर्ल्ड कप खेळलेला माणूस राहायचा का?" मी हसले आणि विषय बदलला. तुमचा बाबा तुमच्या मागेच उभा होता आणि मुलांसमोर त्याला खोटं पाडणं मला बरं दिसेना. पण नंतर स्वस्थ बसवेना. त्या खोलीत राहणारा माणूस वर्ल्ड कप खेळला नव्हता. स्पेनमधल्या कुठल्या मोठ्या क्लबच्या पहिल्या संघातही तो कधी नव्हता. तुमच्या बाबाच्या गोष्टीत तो दर दोन वर्षांनी थोडा थोडा मोठा होत गेला आहे. असंच चाललं तर तुमच्या मुलांपर्यंत पोचेतो त्याचा पुतळा उभा राहील. म्हणून जे घडलं ते मी नीट लिहून ठेवते आहे. मी आता ऐंशीला टेकले आहे आणि मला अजून सगळं क्रमाने आठवतं. असं किती दिवस आठवेल, सांगता येत नाही.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या पहिल्या पाच-सहा वर्षांतली. तुमचे आजोबा जाऊन दोन वर्षं झाली होती. तुमचा बाबा रीडिंग शहरात सॉफ्टवेअरच्या नोकरीत होता आणि कॉव्हेंट्रीच्या या घरात मी एकटी राहत होते. हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड्समध्ये एकवीस वर्षं काम करून मी नुकतीच निवृत्त झाले होते. तिथल्या माझ्या एका मैत्रिणीचा नवरा एका फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी होता. मोठा क्लब नव्हे. शहराबाहेर बसने पाऊण तासावर एक लहान गाव होतं, त्या गावाचा. मैदानाच्या एकाच बाजूला छप्पर होतं, उरलेल्या तीन बाजूंना लोक छत्र्या घेऊन उभे राहत.

मैत्रिणीने फोन केला. "एक खेळाडू आलाय, स्पॅनिश आहे, शांत आहे. एका सीझनपुरती घरगुती जागा हवी आहे. तुझी वरची खोली रिकामीच आहे ना?"

तुमच्या बाबाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आई, फुटबॉलर? ते कसे राहतात ते पेपरात वाचत नाहीस का?"

"हा एकतीस वर्षांचा आहे," मी म्हटलं, "आणि गुडघ्याची दोन ऑपरेशन्स झाली आहेत. जिना चढून खोलीत गेला तरी पुष्कळ."

तो आला तो एक बॅग आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन बूट घेऊन. दारात उभा राहून त्याने पहिला प्रश्न विचारला तो बूट कुठे ठेवू हा. पायातले जोडे त्याने त्याआधीच काढून हातात धरले होते. तिथेच माझं मत बनलं. तो मला सेन्योरा म्हणायचा आणि शेवटपर्यंत तेच म्हणत राहिला. आमचं बोलणं इंग्रजीतून चाले, माझं शाळेत शिकलेलं आणि त्याचं ड्रेसिंग रूममध्ये शिकलेलं. इथे मी ते मराठीत लिहिते, म्हणजे त्याच्या काही शब्दांची वासलात आपोआप लागेल.

माझ्या स्वयंपाकघरात तेव्हा अंडं शिजत नव्हतं. त्याला मात्र बटाटा-कांदा घातलेलं जाड ऑम्लेट आठवड्यातून तीनदा लागे. मी त्याला वेगळा तवा, वेगळं उलथनं आणि मागच्या दारालगत एक लहान विजेची शेगडी दिली. हा नियम त्याने माझ्यापेक्षाही कडक पाळला. तवा तो माझ्या सिंकमध्ये घासेना, मागच्या अंगणातल्या नळाखाली घासे. एकदा भर पावसात तो असा तवा घासत बसलेला शेजारणीने पाहिला. दुसऱ्या दिवशी तिने मला अगदी हळू आवाजात विचारलं, "तुम्ही त्याला घरात घेत नाही का?"

मॅचच्या दिवशी मात्र तो माझ्याकडचा वरण-भात खायचा. वर तूप, थोडं लिंबू. पोटात जड होत नाही म्हणून त्याला तो आवडे.

त्याच्या कारकिर्दीची हकिगत मला एका दिवसात कळली नाही. मी मटार सोलायला बसले की तो समोर बसून सोलू लागायचा आणि एकेक क्लब सांगायचा. स्पेनच्या उत्तरेकडच्या, सदा पाऊस पडणाऱ्या एका गावात जन्म. चौदाव्या वर्षी एका मोठ्या क्लबच्या शाळेत निवड झाली, एकोणिसाव्या वर्षी तिथून घरी पाठवलं. मग दुसऱ्या दर्जाचा क्लब, तिसऱ्या दर्जाचे दोन, पोर्तुगाल, सायप्रस, मग स्कॉटलंड. तिथला क्लब डिसेंबरात बंद पडला. नंतर इंग्लंडात उत्तरेकडे एक वर्ष आणि मग आमच्याकडे.

"प्रत्येक ठिकाणी मला सांगायचे की तू उपयोगी आहेस," तो म्हणाला. "आणखी राहा असं कुणी म्हणायचं नाही."

त्याची बायको मुलीला घेऊन आपल्या आईवडिलांकडे स्पेनला परत गेली होती. भांडण नव्हतं. मुलीची शाळा दरवर्षी बदलायला नको, एवढंच. मुलगी चार वर्षांची होती. तिचा फोटो त्याने खोलीत आरशाच्या कडेला खोचला होता. एक दिवस मटार सोलता सोलता त्याने मला जे सांगितलं, त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, म्हणून नीट वाचा.

"माझे वडीलही खेळायचे," तो म्हणाला. "गावाच्या संघात. चांगले खेळायचे असं सगळे सांगतात. मी तीन वर्षांचा असताना त्यांनी सोडलं. मी त्यांना खेळताना पाहिलंय, पण मला ते आठवत नाही. माझी मुलगी सप्टेंबरात पाच वर्षांची होईल. मला पुढचा एक सीझन हवा आहे, सेन्योरा. मग गुडघा राहो किंवा जावो."

"पाच वर्षांच्या मुलांना आठवतं?"

त्याने थोडा विचार केला. "मला शेजाऱ्याचं गाढव आठवतं. तेव्हा मी पाच वर्षांचा होतो."

"मग पाच पुरेत," मी म्हटलं.

त्या हिवाळ्यात मी त्याच्या घरच्या मैदानावरच्या बहुतेक सगळ्या मॅच पाहिल्या. साडीवर कोट, पायात लोकरीचे दोन मोजे, थर्मासमध्ये चहा. सुरुवातीला मला वाटायचं की हा काहीच करत नाही. बाकीचे धावतायत, आपटतायत, एकमेकांवर ओरडतायत आणि हा मध्ये उभा. माझ्या बाजूला दर वेळी एक म्हातारा बसायचा. त्याने एकदा विचारलं, "तुमचा मुलगा का हो तो?"

"नाही. लॉजर आहे."

"मग तुमच्या लॉजरला सांगा, पळण्यावर भाडं वाढत नाही."

पण सात-आठ मॅचनंतर मला दिसायला लागलं. बॉल जिथे येणार तिथे तो आधीच असायचा. आला की जवळच्या मोकळ्या माणसाला द्यायचा, हात लांब करून दुसऱ्या कुणाला तरी जागा दाखवायचा आणि पुन्हा उभा. तो मैदानाबाहेर गेला की दहा मिनिटांत सगळ्यांची धांदल उडायची. मी एकवीस वर्षं पेशंट्सच्या फायली जागेवर ठेवल्या होत्या. फाइल सापडली तर कुणाला काही वाटत नाही, सापडली नाही तर डॉक्टर खाली येऊन ओरडतात. त्याचं काम मला तेव्हा कळलं.

एप्रिल संपताना क्लबने त्याला सांगितलं की पुढच्या वर्षी तुझी गरज नाही. त्याचा एजंट फोन उचलेनासा झाला होता. दुसऱ्या दिवशी तो एक कागद घेऊन माझ्याकडे आला. एजंटने कधीकाळी छापलेलं ते त्याचं माहितीपत्रक होतं. "सेन्योरा, तुम्ही मला क्लबांना पत्रं लिहून द्याल?"

मी कागद वाचला. असामान्य दृष्टी, पोलादी हिंमत, जादुई डावा पाय.

"तुझा डावा पाय जादुई आहे?"

"नाही," तो म्हणाला. "डावा फक्त उभं राहायला."

मी कागद बाजूला ठेवला आणि म्हटलं, मी लिहिते.

मुलांनो, तुमच्या पणजोबांनी मला अर्ज लिहायला शिकवला तो मी अकरावीत असताना, पुण्यात, एका स्कॉलरशिपसाठी. त्यांचा दंडक असा की अर्जात स्वतःबद्दल एकही विशेषण नको. आपल्यात काय चांगलं आहे ते वाचणाऱ्याने ओळखायचं. आपल्यात काय कमी आहे ते मात्र आपण न विचारता सांगायचं, म्हणजे समोरच्याला फसवल्यासारखं होत नाही. माझ्या सगळ्या मैत्रिणींच्या घरी असेच अर्ज लिहिले जायचे. त्यात मेडिकल रेकॉर्ड्सची भर पडली. तिथे पेशंटचा पूर्वेतिहास अर्धवट ठेवणं हा गुन्हाच.

मी तीन दिवस बसून त्याचं पत्र तयार केलं. क्लब क्रमाने, मॅच क्रमाने, दुखापती क्रमाने. दोन्ही ऑपरेशन्स कधी झाली, गुडघा किती वाकतो, थंडीत किती दुखतो. बारा प्रती काढल्या, बारा क्लबांचे पत्ते मैत्रिणीच्या नवऱ्याकडून घेतले. त्याने शब्दांवर बोट ठेवत ठेवत पत्र वाचलं, म्हणाला, "सगळं खरं आहे," आणि बारा सह्या केल्या. मला फार समाधान वाटलं.

मे गेला, जून गेला. टपाल साधारण अकराला यायचं. तो साडेदहापासून पुढच्या खोलीत काही ना काही काम काढून बसायचा. दोन क्लबांनी नकार कळवला, चार-चार ओळींत, सभ्यपणे. बाकीच्या दहांकडून काहीच नाही. तो रोज सकाळी जवळच्या पार्कात एकटा धावायचा आणि मी बाकावर बसून घड्याळ बघायची. सप्टेंबर जवळ येत होता. मुलगी फोनवर आकडे मोजायला लागली होती. तो तिला स्पॅनिशमध्ये काहीतरी सांगायचा आणि फोन ठेवल्यावर जरा वेळ जिन्यातच बसायचा.

जुलैच्या पहिल्या शनिवारी तुमचा बाबा आला. माझ्या टेबलावरच्या फायलीत त्याला त्या पत्राची प्रत दिसली. तो उभ्या उभ्या वाचायला लागला.

"आई, हा अर्ज आहे की माफीनामा?"

"म्हणजे काय?"

"'अर्जदाराचा वेग मध्यम आहे.' 'अर्जदाराने आजवर फारसे गोल केलेले नाहीत.' 'आपल्या संघात याहून योग्य खेळाडू असल्यास अर्जदाराचा आग्रह नाही.' आग्रह नाही? आई, हे शेवटचं कुणी लिहायला सांगितलं तुला?"

"ते सौजन्य आहे."

"ते वाचून कुणालाही वाटेल की ह्यालाच खेळायचं नाहीये. इथे असं कुणी लिहीत नाही गं. चांगलं काय ते लिहितात. उरलेलं विचारलं तर सांगतात. ही फसवणूक नाही, पद्धत आहे."

मी त्याच्याशी वाद घालणार होते. मग मला आठवलं की रेकॉर्ड्समध्ये वरच्या जागेसाठी मी तीनदा अर्ज केला होता आणि तीनदा माझ्याहून नव्या मुली पुढे गेल्या. मी तिन्ही अर्ज असेच लिहिले होते. एकवीस वर्षं मी त्याच ग्रेडवर का राहिले, याचा विचार त्या दुपारी मी पहिल्यांदा केला. पण माझं जे झालं ते झालं. ह्या माणसाचं एक वर्ष मी वाया घालवलं होतं.

मी पत्राची प्रत घेऊन पार्कात गेले. तो गवतावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. मी बाकावर बसले आणि त्याला सगळं सांगितलं. काय लिहायला हवं होतं आणि मी काय लिहिलं.

"मला वाटलं इंग्रजीत असंच लिहितात," तो म्हणाला. "फार सभ्य वाटलं मला ते."

"सभ्यच आहे. उपयोगाचं नाही."

"बाराही क्लबांना हेच गेलं?"

"बाराही."

 सोडलेल्या नाड्या त्याने पुन्हा बांधल्या आणि उठून धावायला गेला. पार्काला दोन मोठ्या फेऱ्या मारल्या. मी बसून राहिले. घरी निघून जावंसं वाटत होतं, पण ते बरोबर झालं नसतं. तो परत आला तेव्हा चेहरा लाल होता. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला आणि बराच वेळ श्वास घेत राहिला.

"वेग मध्यम लिहिलात," शेवटी तो म्हणाला. "कमी लिहिता आलं असतं. उपकार झाले."

त्याच दिवशी जेवणं झाल्यावर आम्ही तिघं टेबलाशी बसलो. तुमचा बाबा लॅपटॉपवर लिहीत होता आणि मी हरकती घेत होते.

"'जन्मजात नेता,'" बाबा म्हणाला.

"ते काढ. तो हात लांब करून जागा दाखवतो, तेवढं लिही."

"आई, तेवढ्यावर कोण बोलावेल?"

"मग लिही की तो मैदानात असताना संघाची धांदल होत नाही. मी स्वतः पाहिलंय. लागलं तर माझं नाव दे."

"फुटबॉल क्लबला सांगू की माझ्या आईने पाहिलंय?"

गुडघ्याबद्दल मी विचारलं तेव्हा खेळाडूनेच उत्तर दिलं. "लिहू नका. विचारलं की मी सांगीन. खोटं बोलणार नाही, सेन्योरा, शब्द देतो." मी ते मान्य केलं. पुढारल्यासारखं वाटलं थोडं.

आता बहुतेक क्लबांचे संघ ठरून गेले होते. जूनमध्येच ठरतात, हे मला नंतर समजलं. नव्या पत्रावर एकाच क्लबचा फोन आला. उत्तरेकडच्या समुद्रकाठच्या एका गावाचा क्लब, आमच्याकडच्या क्लबपेक्षाही एक पायरी खालचा. त्याने जाऊन ट्रायल दिली. त्यांच्या मॅनेजरने गुडघ्याबद्दल विचारलं आणि त्याने सगळं सांगितलं. वर्षाचा करार होणार होता तो ऑक्टोबरअखेरपर्यंत तीन महिन्यांचा झाला. पहिल्या बारांपैकी एखाद्याने त्याला पूर्ण वर्ष दिलं असतं का, हे मला आजही माहीत नाही. मी हे इथे लिहिते कारण तुमच्या बाबाच्या गोष्टीत हा भाग नसतो. तो माझ्यासाठी गाळतो, हे मला ठाऊक आहे.

तो ऑगस्टमध्ये तिकडे राहायला गेला. आठवड्यातून एकदा फोन करायचा. ऑगस्टभर बेंचवर. सप्टेंबरात एकदा दहा मिनिटं. मुलगी पाच वर्षांची झाली. ऑक्टोबरात तिच्या आईने आठवड्याची सुट्टी घेतली आणि दोघी आल्या. मीही ट्रेनने गेले. तीन गाड्या बदलाव्या लागल्या.

मैदान समुद्राला इतकं लागून होतं की वाऱ्याने कॉर्नर फ्लॅग आडवे होत होते. मुलीला आईच्या कोटात गुंडाळून आमच्या दोघींच्या मध्ये बसवलं होतं. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. मी तिला थर्मासच्या झाकणातून गरम दूध दिलं, ते ती सगळं प्यायली. पहिला हाफ तो बेंचवरच होता. दुसऱ्या हाफचीही पंचवीस मिनिटं गेली. तिच्या आईच्या हातातला रुमाल पिळून पिळून दोरीसारखा झाला होता. मग तो उठला, जॅकेट काढलं आणि बाजूच्या रेषेवर वॉर्म-अप करायला लागला.

तो मैदानात उतरला तेव्हा मुलगी आकाशातले समुद्रपक्षी बघत होती. छपराच्या कडेवर पाच-पंचवीस बसले होते, त्यांच्यात काहीतरी भांडण चाललं होतं. आई तिला स्पॅनिशमध्ये काही सांगत होती, मुलगी मान डोलवत होती आणि पक्षीच बघत होती. मला राहवलं नाही. मी तिची हनुवटी धरली आणि चेहरा मैदानाकडे वळवला. पुन्हा वर गेला, पुन्हा वळवला. असं चार-पाच वेळा झालं. तिची आई माझ्याकडे बघून हसायला लागली आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

वीस मिनिटं तो खेळला. गोल केला नाही. एकदा बॉल त्याच्याकडे वेगात आला, दोन माणसं त्याच्या अंगावर आली आणि त्याने तो न थांबवता पलीकडे मोकळ्या जागेत दिला. कुणी टाळी वाजवली नाही, कारण पुढच्या खेळाडूने तो बाहेर मारला. त्या वेळी मुलीचा चेहरा माझ्या हातात होता आणि मैदानाकडे होता. एवढं मी खात्रीने सांगू शकते.

महिनाअखेर करार संपला. तो त्यांच्याबरोबर गावी गेला आणि शाळेतल्या मुलांना शिकवायला लागला. पुढे त्याचा उजवा गुडघा बदलावा लागला. दर जानेवारीत फोन करतो. मीही करते.

मागच्या वर्षी ती मुलगी कामासाठी लंडनला आली. आठ दिवस तिथल्या हाउन्सलो भागात राहिली आणि त्यातला एक दिवस मला भेटायला कॉव्हेंट्रीला आली. उंच आहे, वडिलांसारखी, आणि इंग्रजी फार छान बोलते. जेवताना मी तिला विचारलं, तुला ती मॅच आठवते का? 

ती म्हणाली, थंडी आठवते. पक्षी आठवतात. कुणीतरी आपली हनुवटी धरत होतं, त्याचा रागही आठवतो. आणि बाबांनी बॉलकडे न बघता तो दुसऱ्याला दिला, ते आठवतं.

माझ्या आठवणीप्रमाणे त्याने बघितलं होतं. आम्ही दोघींनी त्यावर वाद घातला नाही.

ज्या क्लबात तो आमच्याकडे असताना खेळला तो आता नाही, त्या मैदानावर घरं झाली आहेत. समुद्रकाठचा क्लबही दुसऱ्या कुठल्या क्लबमध्ये विलीन झाला. त्याच्या खेळाची फिल्म कुणी काढली नव्हती. त्याचा एक पास त्याच्या मुलीला आठवतो आणि मला आठवतो.